सायकलवाल्याचाही रस्ता

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांतून एकच चर्चा सुरू होते. मुलगा काय करणार, मुलगी काय करणार? डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी, डी.एड., पोलीस भरती, नाहीतर मामूंच्या दुकानात गल्ल्यावर. आम्ही शिक्षक मंडळी या यादीत अधूनमधून एखादे नवे नाव घालतो. या महिन्यात असेच एक नाव वाचकांपुढे ठेवायचे आहे, आणि ते ऐकून पुष्कळांना हसू येईल याची आम्हाला कल्पना आहे. पायी चालणाऱ्यांना आणि सायकल चालवणाऱ्यांना रस्त्यावर त्यांची हक्काची जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे काम करणे, हे ते नाव.

हसण्यापूर्वी आपल्याच मोहल्ल्याकडे जरा पाहावे. सकाळी पाव-खारी घेऊन येणारा सायकलवर येतो. भंगारवाला सायकलवर, कुल्फीवाला सायकलवर, कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा सायकलवर. धार लावायचा दगडही तो सायकलच्याच पायडलवर फिरवतो. गाद्या भरून देणारा पिंजारी आणि बांगड्यांची पेटी कॅरिअरला बांधून खेडोपाडी जाणारा मनियार यांनी किती मुलांची शिक्षणे या दोन चाकांवर केली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्यांना परवडले त्यांनी पुढे मोटारसायकल घेतली. ज्यांना परवडले नाही ते अजून सायकलवर आहेत आणि रस्त्याच्या अगदी कडेला, मातीच्या पट्टीवरून जीव मुठीत धरून चालले आहेत.

हे केवळ भोकरदनचे चित्र नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून अन्य काम करणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक लोक पायी जात होते आणि सुमारे १३ टक्के सायकलने. मोटारीने जाणारे त्या मानाने अगदी थोडे. तरीही रस्ता बांधताना विचार होतो तो मोटारीचा. याचा परिणाम मोजायचा झाला तर २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी ३२ हजारांहून अधिक नुसती पायी चालणारी होती. त्यांच्यापाशी ना वेग होता, ना वाहन.

पुण्यातले एक नाव

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जायचा. कॉलेजचे प्राध्यापक सायकलवर, विद्यार्थी सायकलवर, दूधवाले सायकलवर. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे आणि डबलसीट दिसले की पोलीस चाकातली हवा सोडत. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला हे सगळे आठवत असेल. मग स्कूटर आली, मोटारसायकल आली, मोटार आली. शहर वाढले, अंतरे वाढली आणि सायकल रस्त्यावरून हळूहळू ढकलली गेली. बहुतेकांनी याला प्रगती म्हटले.

त्या काळात 'थांबा, यात कोणाचे नुकसान होते आहे तेही पाहा' असे म्हणणारी काही थोडी माणसे पुण्यात होती. सुजित पटवर्धन हे त्यांतले एक ठळक नाव. त्यांचा व्यवसाय मुद्रणाचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'परिसर' ही संस्था उभी केली. सुरुवातीला पर्यावरणाचे सगळेच प्रश्न संस्थेपुढे होते. शहराभोवतालच्या टेकड्या वाचवण्याच्या लढ्यातही ती होती. पण जसजसे शहर वाहनांनी भरू लागले, तसतसा संस्थेच्या कामाचा मुख्य विषय वाहतूक हा झाला.

पटवर्धनांची मांडणी अगदी साधी होती. रस्ता ही सार्वजनिक जमीन आहे. ती सगळ्यांच्या करातून तयार झाली आहे. काडेपेटी विकत घेणारा मजूरही कर भरतो आणि कोट्यवधींची गाडी घेणाराही भरतो. मग त्या जमिनीचा सर्वांत मोठा वाटा मूठभर मोटारींना चालायला आणि उभे राहायला का द्यावा? पायी चालणाऱ्याला पदपथ, सायकलवाल्याला मार्ग आणि बाकीच्यांना वेळेवर येणारी बस मिळाली, तर खासगी वाहन घेण्याची गरजच कमी होईल. उलट उड्डाणपूल बांधत आणि रस्ते रुंद करत गेलो, तर ती जागा पुन्हा गाड्यांनीच भरेल. आज पुण्यात राहणाऱ्या कोणत्याही नातेवाइकाला फोन करून विचारावे, पूल झाल्यावर गर्दी संपली का?

यामागे हिशेबही आहे. वाहतुकीच्या अभ्यासात नेहमी दिला जाणारा एक ढोबळ आकडा असा: साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून शहरात मोटारींनी तासाला सुमारे २,००० माणसे जातात. त्याच पट्ट्यातून सायकलींनी सुमारे १४,००० माणसे जाऊ शकतात. आम्ही गणिताच्या तासाला हे उदाहरण फळ्यावर घातले, तर सातवीतला मुलगाही सांगेल की जागा कमी आणि माणसे जास्त असताना काय करायला हवे. हे गणित जिथे निर्णय होतात तिथे मात्र मांडले जात नाही, कारण तिथे बसणारे बहुधा मोटारीने आलेले असतात.

तीस-चाळीस वर्षांचे काम म्हणजे काय

अशा माणसाचा दिवस जातो कसा, असे वाचक विचारतील. मोर्चे आणि घोषणा हा त्यातला लहानसा भाग. खरे काम कंटाळवाणे वाटेल असे आहे. महापालिकेचे अंदाजपत्रक मिळवून वाचायचे. रस्त्यांना किती, पदपथांना किती, बसला किती, हे वेगळे काढायचे. चौकात उभे राहून मोजणी करायची. टेप घेऊन पदपथाची रुंदी मोजायची. मग ते कागदावर आणून आयुक्तांना, नगरसेवकांना, वर्तमानपत्रांना द्यायचे. वर्षभराने पुन्हा तेच. 'परिसर'ने हे काम चिकाटीने केले आणि पुढे रणजित गाडगीळ यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ते सांभाळले.

त्यातून काही हाती लागलेही. २००६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणले. विचार वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या ये-जा करण्याचा व्हावा, हे तत्त्व त्यात सरकारी भाषेत प्रथमच स्पष्ट आले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातला पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला आणि ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे त्यात मांडले गेले. यांतील कोणतीही गोष्ट एका माणसाने किंवा एका संस्थेने केली नाही. पण मागणी जिवंत ठेवणारे कोणी नसते, तर ती कागदावरही आली नसती.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सदर गौरवग्रंथातले पान होईल. पुण्यातले सायकल मार्ग आज जाऊन पाहावेत. कुठे मध्येच विजेची पेटी आहे, कुठे झाड, कुठे दुकानाची पायरी. मार्ग चौकाच्या अलीकडे संपतो, आणि धोका तर नेमका चौकात असतो. फरश्या उखडलेल्या असतात. ज्या मार्गावर सायकलवाला शंभर पावले सलग जाऊ शकत नाही, तो मार्ग तो वापरत नाही. मग अधिकारी म्हणतात, 'बघा, कोणी वापरतच नाही.' २०१७-१८ च्या सुमारास मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीत सायकली आल्या. वर्तमानपत्रांत फोटो झळकले आणि दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. आमच्या मते त्यात एक मूळचीच उणीव होती. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि ऑनलाइन पैसे भरण्याची सोय आहे, त्याच्यासाठी ती योजना होती. स्वतःच्या जुन्या सायकलवर पहाटे साइटवर जाणाऱ्या गवंड्याला तिने काहीच दिले नाही. त्याला नवी सायकल नको होती, सुरक्षित रस्ता हवा होता.

समानता हा शब्द या कामात येतो तो इथे. छंद म्हणून महागडी सायकल चालवणाऱ्यांविषयी आमच्या मनात काही वाकडे नाही. त्यांच्यामुळे सायकलला थोडी प्रतिष्ठा आली. पण धोरण ठरवताना प्रथम त्याला विचारले पाहिजे ज्याला सायकलशिवाय दुसरा इलाज नाही. 'परिसर'सारख्या संस्था सायकलीबरोबर बसचा आग्रह का धरतात, तेही यावरून कळते. दर लाख लोकसंख्येमागे ५० बस हव्यात अशी मोहीम त्यांनी आणि त्यांच्या सहयोगी संस्थांनी चालवली. भांडीकुंडी करणाऱ्या बाईला दहा किलोमीटर सायकल चालवा असे सांगता येत नाही. तिला बसच हवी.

मुंबईत फिरोजा सुरेश यांचे काम याच दिशेने आहे. त्यांनी 'स्मार्ट कम्यूट फाउंडेशन' ही संस्था काढली. ॲमस्टरडॅमची 'बीवायसीएस' ही संस्था जगातील अनेक शहरांत 'सायकल महापौर' नेमते. मुंबईसाठी हे पद फिरोजाबाईंना मिळाले. या पदाला ना दालन, ना लाल दिवा. काम एकच, शहरात सायकलवाल्यांच्या बाजूने बोलत राहणे. त्यांनी महापालिकेच्या २४ वॉर्डांसाठी एकेक 'सायकल नगरसेवक' उभा केला. आपल्या वॉर्डात खड्डा कुठे आहे, झाकण कुठे उघडे आहे, सायकल लावायला जागा कुठे हवी, हे त्या त्या माणसाने पाहायचे. कल्पना सोपी आहे आणि ती गावालाही लागू पडते.

आया रस्त्यावर आल्या तेव्हा

पुष्कळांना वाटते, हॉलंडचे लोक जन्मतःच सायकलप्रेमी. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींचा पूर आला, रस्ते रुंद झाले, सायकली हटल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. एका पत्रकाराची लहान मुलगी अपघातात गेली. त्याने लेख लिहिला आणि त्यातून 'मुलांचे खून थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यात बसू लागले. गल्ली अडवून तिथे मुलांना खेळायला सोडू लागले. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या आणि मोटारीविना शहर कसे असते हे लोकांनी पाहिले. त्यानंतरच्या वर्षांत तिथे सायकल मार्गांचे जाळे विणले गेले. आज जे चित्र आपण फोटोत पाहतो, ते या दुःखातून आणि हट्टातून आलेले आहे.

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया या देशाची राजधानी बोगोटा. हे काही श्रीमंत शहर नव्हे. तिथे १९७० च्या दशकापासून दर रविवारी शहरातले मोठे रस्ते काही तास मोटारींसाठी बंद असतात. गरीब वस्तीतले पोर आणि बंगल्यातले पोर एकाच रस्त्यावर सायकल फिरवतात. पैसा आल्यावर पाहू, असे म्हणत बसणाऱ्यांसाठी हे उदाहरण आहे.

आपल्या मुलींची सायकल

आता घरातल्या प्रश्नाकडे येऊ. मुलगी सातवी-आठवीपर्यंत जवळच्या शाळेत जाते. पुढची शाळा तीन-चार किलोमीटरवर असते. एसटीची वेळ जुळत नाही, रिक्षाचे पैसे महिन्याला जड जातात, भाऊ रोज सोडायला रिकामा नसतो. मग 'झाले तेवढे पुरे' असे ठरते. आमच्या नोकरीतल्या वर्षांत हजेरीपटावरून अशी नावे कमी होताना आम्ही पाहिली आहेत. ती अभ्यासात मागे होती म्हणून कमी झाली नाहीत. अंतरामुळे झाली.

१९९१ च्या सुमारास तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहीम चालू होती. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांनी सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला. शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या खेडोपाडी पोहोचणार कशा, हा त्यामागचा साधा प्रश्न. सायकलीसाठी कर्जे मिळाली. लेडीज सायकली बाजारात संपल्या, तेव्हा बायकांनी नळीवाल्या सायकली घेतल्या, आणि पुढे नळीवर मूल बसवता येते म्हणून त्यांना त्याच आवडू लागल्या. हजारो शेतमजूर स्त्रिया, खाणीत काम करणाऱ्या, परिचारिका, शिक्षिका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन हे लिहून ठेवले आहे. आपल्या वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे की शिकणाऱ्यांत परंपरेने चालणाऱ्या मुस्लिम घरांतल्या तरुण मुलीही होत्या. सुरुवातीला लोकांनी टोमणे मारले. पण एका बाईने डोक्यावरचे पाणी सायकलवर आणले, बाजारात माल नेला आणि बसची वाट न पाहता वेळेत घरी येऊन मुलांना जेवायला घातले, की टोमण्यांचा जोर आपोआप उतरतो.

दुसरे उदाहरण बिहारचे. २००६ मध्ये तिथल्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींची नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधले अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा परिणाम ठळक दिसला. म्हणजे अडचण अंतराचीच होती. शिवाय एकाच गावातल्या दहा मुली एकत्र सायकलवर निघाल्या, की एकटीदुकटीची भीतीही कमी होते.

आपल्या महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे आणि जालना जिल्हा या कार्यक्रमात सुरुवातीपासून आहे. आपल्या मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे याची चौकशी जरूर करावी. कागद वेळेवर न दिल्याने हक्क बुडतो, असे आम्ही वारंवार पाहतो.

पण सायकल मिळाली आणि अब्बूंनी ती भाईजानच्या हवाली केली, तर योजनेचा काय उपयोग? 'मुलगी मोठी झाली, आता सायकलवर बरे दिसत नाही', हे वाक्य आम्ही पालक सभेत ऐकतो. त्यावर आम्ही अम्मींना वेगळे बोलावून विचारतो, मुलगी रिक्षात अनोळखी माणसांत दाटीवाटीने बसलेली बरी की मैत्रिणींबरोबर स्वतःच्या सायकलवर? बहुतेक अम्मी याचे उत्तर लगेच देतात. बुरखा किंवा ओढणी चेनमध्ये अडकते ही अडचण खरी आहे, आणि तिला उपाय आहे. खाली झुकलेल्या नळीची लेडीज सायकल घ्यावी, पूर्ण चेनकव्हर लावून घ्यावे, मागच्या चाकाला जाळी बसवावी. सायकलचा कोणताही मिस्त्री हे थोडक्या खर्चात करून देतो. ओढणी पिनने नीट बांधून निघावे. मन तयार असले की उपाय सापडतो.

आमच्या लहानपणी तासावर सायकल भाड्याने मिळायची. पाय पोहोचत नसत म्हणून नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारायचे. आमच्याकडे त्याला कैची म्हणतात. मुलगे गुडघे फोडून घेत शिकले. मुलींना ती मुभा नव्हती, म्हणून आज कितीतरी खाला आणि फुफू पन्नाशीतही दवाखान्यात जायला कोणाच्या तरी गाडीची वाट पाहतात. शिकायला वय लागत नाही. शाळेचे मैदान सुटीच्या दिवशी रिकामेच असते.

'याचा पगार कोण देतो?'

वर्गात मुलांनी आम्हाला हाच प्रश्न विचारला होता आणि तो रास्त आहे. समाजकार्य म्हटले की उपाशी राहणे, असा समज आहे. सुजित पटवर्धनांच्या हाती मुद्रणाचा व्यवसाय होता. व्यवसाय सांभाळून सार्वजनिक काम करणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग पूर्णवेळ नोकरीचा. नोंदणीकृत संस्था देणग्या, अनुदाने आणि अभ्यास प्रकल्पांतून कर्मचाऱ्यांना पगार देतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि त्यातलाही काही पैसा संस्थांकडे येतो. पगार इंजिनिअरइतका असेलच असे नाही, पण घर चालवता येते.

यासाठी शिक्षणही आहे. पुण्याच्या सीओईपीमध्ये नगर नियोजनाची पदवी आहे. दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ या विषयासाठी नावाजलेले आहेत. समाजकार्य आणि ग्रामीण विकासासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आपल्या मराठवाड्यातच, तुळजापूरला आहे. महापालिका, नगररचना विभाग आणि सल्लागार कंपन्या यांना नियोजनकार लागतात. आपल्या समाजातली मुले या दिशेला फार थोडी जातात. मग रस्त्याचा, गटाराचा आणि वस्तीचा नकाशा जिथे आखला जातो, तिथे आपल्या मोहल्ल्याची अडचण माहीत असलेला कोणी नसतो, आणि रस्ता झाल्यावर आपण तक्रार करत बसतो.

भोकरदनमध्ये काय करता येईल

भोकरदन हे जुने भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे नगर. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावे कोरलेली आहेत. इथल्या उत्खननात हस्तिदंती काम सापडले. आपले गाव रस्त्यामुळे मोठे झाले. आजही पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या बाजारापासून राजूरच्या यात्रेपर्यंत सगळे रस्त्यावरच अवलंबून आहे. तो रस्ता जसजसा गुळगुळीत होतो, तसतसा गाड्यांचा वेग वाढतो, आणि शाळा सुटण्याच्या वेळी कडेने चालणारी पोरे तेवढीच असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की जिथे पायी चालणारे, सायकली आणि वाहने एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत मर्यादित असावा. शाळेसमोर हे करायला मोठा निधी लागत नाही. गतिरोधक, पांढरे पट्टे, फलक आणि शाळेच्या वेळेला एक माणूस, एवढे पुरते.

आम्ही नववीच्या मुलांना यंदा एक काम दिले आहे. आठवडाभर शाळेच्या फाटकाशी उभे राहून किती मुले पायी येतात, किती सायकलने, किती रिक्षाने आणि किती गाडीने, याची नोंद करायची. मुलींचा आकडा वेगळा लिहायचा. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत रस्ता ओलांडायला कुठे भीती वाटते, त्या जागा नकाशावर लाल रंगाने दाखवायच्या. उर्दू आणि मराठी, दोन्ही माध्यमांची मुले मिळून हे करत आहेत. तक्ता तयार झाला की तो नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि पोलीस ठाण्याला अर्जासोबत द्यायचा, पोच घ्यायची आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारायचे. पुण्यात 'परिसर'ने जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच हे लहान प्रमाणावर आहे. पहिल्याच अर्जाला यश येईल असे आम्ही मुलांना सांगितलेले नाही. आकडे खोटे पाडता येत नाहीत, एवढे सांगितले आहे.

वाचकांनीही आपापल्या गावी हे करून पाहावे. त्यासाठी संस्थेची नोंदणी लागत नाही, वही-पेन लागते. मशिदीच्या, दर्ग्याच्या, दवाखान्याच्या फाटकाशीही अशी मोजणी करता येईल. तिथे येणारी म्हातारी माणसे रस्ता कशी ओलांडतात ते उभे राहून पाहिले, तर अर्जात काय लिहायचे ते आपोआप सुचेल. घरात जुनी सायकल पडून असेल तर मिस्त्रीकडून दुरुस्त करून मोहल्ल्यातल्या शाळकरी मुलीला द्यावी. मोजणीचे तक्ते आमच्याकडे पाठवावेत. इन्शाअल्लाह, जिथून चांगली नोंद येईल त्या गावाविषयी याच सदरात लिहू.